एका लॅपटॉपवर दोन सिस्टिम, आणि घड्याळ मात्र एकच: नऊ महिन्यांनंतर

दुरुस्तीला दिलेला लॅपटॉप परत मिळाला तेव्हा काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, ‘‘तुमचं ते लिनक्स बहुतेक उडालंय, विंडोज मात्र एकदम ठीक आहे.’’ घरी येऊन चालू केला तर विंडोजही ठीक नव्हतं. निळ्या पडद्यावर 48 आकडी रिकव्हरी की मागत बसलं होतं. त्याच तिरमिरीत हे लिहायला घेतलंय, तेव्हा सूर जरा वर लागला तर सांभाळून घ्या.

नऊ महिने मी उबंटू 24.04 (लिनक्सचाच एक प्रकार) आणि विंडोज 11 एकाच लॅपटॉपवर चालवतेय. कामाचं एक सॉफ्टवेअर विंडोजशिवाय हलत नाही, बाकी सगळ्यासाठी मला लिनक्स हवं, आणि दोन लॅपटॉप घेणाऱ्यातली मी नव्हे. पार्टिशन, म्हणजे डिस्कचे वाटे, कसं पाडायचं, पेनड्राइव्ह कसा बनवायचा हे सांगत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. बॅटरी बरी टिकते. झाकण मिटल्यावर मात्र लिनक्समध्ये झोपेतही उतरते, म्हणून मी सरळ बंदच करते. ब्लूटूथ माउस दर वेळी नव्याने जोडावा लागतो, कारण दोन्ही सिस्टिम आपापली वेगळी किल्ली ठेवतात. चालायचंच.

मला बोलायचंय ते घड्याळाबद्दल.

हसू नका. पहिल्या आठवड्यापासून, लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ चुकलेलं. मिनिटा-दोन मिनिटांनी नाही, आपण ग्रीनिचच्या जितके पुढे नेमकं तितकंच मागे. मी हाताने सरळ करायची, पुन्हा लिनक्समध्ये जायची, परत तेच. जवळजवळ दोन महिने रोज हाताने! आळस म्हणा की हट्ट म्हणा. ‘घड्याळासाठी कोण शोधत बसणार’ असं वाटायचं.

मग बॅकअपने दणका दिला. माझी बॅकअपची कमांड ‘जी फाइल नवी तीच उचल’ या तत्त्वावर चालते. दुपारी विंडोजमध्ये बसून मी एक मोठा तक्ता दुरुस्त केला. त्यावर वेळेचा शिक्का बसला साडेपाच तास आधीचा, सकाळचा. बॅकअपमध्ये सकाळी त्या वेळेनंतर लिनक्समधून ठेवलेली प्रत होती. कमांडच्या हिशेबाने तीच नवी, म्हणून दुपारचं काम तिने उचललंच नाही. आणि ‘बॅकअप झालाय’ या भरवशावर मी मूळ फाइल पुसून मोकळी. त्या दिवशी मी लिनक्सला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

पण चूक लिनक्सची नव्हती, हे नंतर कळलं. मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं, लॅपटॉप बंद असतानाही चालणारं. पीसीत ते 1984 च्या आयबीएम पीसी एटीपासून आहे. तेव्हाच्या डॉसला टाइम झोन ही भानगडच ठाऊक नव्हती, त्यामुळे त्या घड्याळात सरळ भिंतीवरची स्थानिक वेळ. विंडोजने तीच रीत पुढे चालवली. लिनक्स तिथे जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, धरतं आणि दाखवताना आपला फरक मिळवतं. त्यात नेटवरून वेळ जुळली की लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, दर 11 मिनिटांनी ती त्या घड्याळात लिहितो. म्हणजे मी विंडोजमध्ये काटे सरळ करायचे आणि लिनक्सने ते पुन्हा आपल्या जागी न्यायचे. दोघंही आपापल्या परीने बरोबर.

आधी मी सोपा उपाय केला. लिनक्सलाच सांगितलं की बाई, तूही स्थानिक वेळ धर. एका ओळीची कमांड आहे. ती चालते, पण ती ज्याची आहे ते टाइमडेटसीटीएल (लिनक्समधलं वेळ लावायचं साधन) स्वतःच इशारा देतं की असं ठेवणं बरं नाही. महिनाभर ठेवलं. आधीच्या मसुद्यात मी सगळ्यांना हेच करा म्हणून लिहिलं होतं, ते आता मागे घेते. उपाय विंडोजच्या बाजूने करा: रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या कोठारात, टाइम झोन इन्फर्मेशनच्या कप्प्यात ‘रिअल टाइम इज युनिव्हर्सल’ नावाची नोंद, किंमत 1. लिनक्स पुन्हा यूटीसीवर आणा. त्यानंतर सहा महिने घड्याळाने मान वाकडी केली नाही. जाता जाता विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद करून टाका, नाहीतर विंडोज पूर्ण बंदच होत नाही आणि त्याचं पार्टिशन लिनक्समध्ये नुसतं वाचायला मिळतं, लिहायला नाही.

आता दुरुस्ती. चार्जिंग बंद पडलं, वॉरंटी बाकी होती. सर्व्हिस सेंटरचं पहिलं उत्तर: लिनक्स टाकलंय, वॉरंटीत बसत नाही. लॅपटॉप बंद असतानाही चार्ज होत नाही, तेव्हा कुठली सिस्टिम चालू असते, असं मी विचारलं. अटींच्या कागदात ते वाक्य दाखवा म्हटलं. दाखवता आलं नाही. तीन फेऱ्यांनंतर मदरबोर्ड बदलून मिळाला.

आणि बोर्ड बदलला की हे सगळं होणारच, हे सांगायची तसदी कुणी घेतली नाही. विंडोजच्या एन्क्रिप्शनची, म्हणजे डिस्कला लावलेल्या कुलपाची, किल्ली जुन्या बोर्डावरच्या टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये होती, म्हणून ते 48 आकडे. एन्क्रिप्शन चालू करताना मी ते सहा-सहाच्या आठ गटांत वहीत उतरवून ठेवले होते, निव्वळ घाबरटपणामुळे वाचले. लिनक्स ‘उडालं’ नव्हतंच. डिस्कला कुणी हात लावला नव्हता. बूटची यादी, म्हणजे चालू होताना कुठली सिस्टिम कुठे शोधायची ते, बोर्डाच्या स्मृतीत असते, ती जुन्या बोर्डाबरोबर गेली. बऱ्याच फर्मवेअरना (बोर्डातच बसवलेलं, सिस्टिमला उठवणारं सॉफ्टवेअर) विंडोजच्या फाइलचा पत्ता पाठ असतो, उबंटूचा नसतो. लिनक्स थेट चालवणाऱ्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालू केलं, ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या बूटच्या फाइलींच्या वाट्यात, उबंटूचं फोल्डर जागच्या जागी होतं, ईएफआय-बूट-मॅनेजरच्या एका कमांडने नोंद पुन्हा घातली. पत्त्यातल्या उलट्या तिरप्या रेघा अवतरणचिन्हांत टाका, त्यात माझी वीस मिनिटं गेली. आणि विंडोज ग्रबमधून, म्हणजे लिनक्सच्या सिस्टिम निवडायच्या मेनूतून, उघडू नका. माझ्याकडे तसं केलं की ते पुन्हा आकडे मागतं. फर्मवेअरच्या मेनूतून उघडलं की गप्प असतं.

उबंटू उघडलं. वायफाय नाही. आणि घड्याळ? चुकलेलं! या वेळी उलट्या दिशेने, तितकंच पुढे. मी खुर्चीतून उठून एक फेरी मारून आले.

दोन्हींचं मूळ तोच नवा बोर्ड. सर्व्हिसवाल्याने त्यात स्थानिक वेळ भरलेली, माझं लिनक्स ती यूटीसी समजलं. नेट असतं तर आपोआप जुळलं असतं. पण माझा वायफायचा ड्रायव्हर बाहेरून टाकलेला, माझ्याच किल्लीने सही केलेला, आणि सिक्युअर बूटने (सही न ओळखलेलं काही चालू न देणारा पहारा) ती किल्ली ओळखायची नोंदही जुन्या बोर्डातच राहिली. एमओके-युटिल या किल्ल्या नोंदवायच्या साधनाने किल्ली पुन्हा आयात केली, एकदाच लागणारा पासवर्ड दिला, रीस्टार्टवर निळ्या पडद्यात ‘एनरोल’ निवडलं. वायफाय लागलं आणि कोपऱ्यातलं घड्याळ माझ्या डोळ्यांदेखत सरळ झालं.

चार्जिंग, खरं सांगायचं तर, आता उत्तम चालतंय. सर्व्हिस सेंटरकडून अभिप्रायाचा फॉर्म आलाय. त्यात ‘इतर तक्रारी’च्या चौकटीत 200 अक्षरं मावतात. मी घड्याळाचंच लिहिलं, ‘‘वेळ भरण्याआधी ग्राहकाला विचारा,’’ एवढं.