लक्ष्मीपूजनाला सुरू झालेला सर्व्हर

शुक्रवार, 10 मे 2024. अक्षय्य तृतीया. घरचं आमरसाचं जेवण आटोपून मी संध्याकाळी भिवंडीच्या ऑफिसात आले होते, कारण मे महिन्यात आम्हाला सणाची सुट्टी नसते. कूलर आणि पंख्यांचा माल रात्रीच भरला जातो. सातच्या सुमारास डॉकवरचे स्कॅनर एकदम अडकले. पाच मिनिटांत चाकणहून फोन आला, "ताई, सिस्टीम गेली." मग नाशिक. मग नागपूरजवळच्या बुटीबोरीचं गोडाऊन. भिवंडीत तेव्हा 27 गाड्या लागल्या होत्या, माथाडींच्या टोळ्या तयार होत्या आणि कोणत्या रॅकवर कोणाचा किती माल आहे हे सांगणारं काहीच उरलं नव्हतं.

आमची गोडाऊनची कंपनी घरचीच. आप्पांनी दोन गाळ्यांपासून सुरू केली, आता धाकटा भाऊ आणि मी बघतो. भाऊ गाड्या आणि पार्ट्या, म्हणजे माल ठेवणारी गिऱ्हाईकं, सांभाळतो, हिशेब आणि कॉम्प्युटर माझ्याकडे. म्हणून पुढे जे घडलं त्यातली प्रत्येक सही माझी आहे.

चार गोडाऊनमध्ये चार तऱ्हेची सॉफ्टवेअर होती. भिवंडीत एका स्थानिक मुलाने लिहून दिलेला प्रोग्राम, चाकणला विकत घेतलेलं पॅकेज, नाशिकला त्याचीच जुनी आवृत्ती, बुटीबोरीत टॅली आणि एक्सेल. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तोवर हे खपून जात होतं. आधी परराज्यातल्या विक्रीवर सीएसटी, म्हणजे केंद्रीय विक्रीकर, लागायचा, म्हणून कंपन्या राज्याराज्यात छोटे डेपो ठेवायच्या. जीएसटीनंतर त्यांनी ते डेपो मिटवून मोठी गोडाऊन धरली आणि आमच्याकडे एकच मागणी सुरू झाली: चारही ठिकाणचा स्टॉक एका पडद्यावर दाखवा. मागणी रास्त होती. सगळं एका प्लॅटफॉर्मवर आणण्याचा निर्णय मला आजही बरोबरच वाटतो.

हे काम ज्याला दिलं तो कॉम्प्युटरवाला माणूस आमच्याकडे ओळखीतून आला. एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे त्याची एएमसी, म्हणजे कॉम्प्युटर देखभालीचा वार्षिक करार, होती. पेढे घेऊन आला, आप्पांच्या पाया पडला, दोनदा आमच्याकडे जेवला. समजावून सांगायची हातोटी उत्तम. एका दणकट मशीनच्या पोटात अनेक आभासी सर्व्हर कसे राहतात, तीन मशीनचा गट केला की एक बंद पडलं तरी उरलेली दोन काम कशी उचलतात, हे त्याने चहाचे कप मांडून दाखवलं. त्यातलं काहीही खोटं नव्हतं, तंत्र तसंच आहे. म्हणूनच मी फसले.

कोटेशन 31 लाख 40 हजारांचं होतं. तीन नवे सर्व्हर, विंडोज आणि एसक्यूएलची (डेटा साठवणाऱ्या सॉफ्टवेअरची) लायसन्स, एका मशीनवर अनेक आभासी सर्व्हर चालवणारं व्हीएमवेअर, नवी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये एक वर्ष जागा, जुना डेटा नव्यात आणण्याचं काम. सगळ्यात शेवटी एक ओळ, 'बायबॅक, जुनी चार मशीन, वजा 45 हजार'. 70 टक्के आगाऊ, बाकीचे काम झाल्यावर.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, 12 नोव्हेंबर 2023 ला, त्याने मुहूर्तावर विंडोज आणि एसक्यूएल टाकून नवा सर्व्हर सुरू केला. मी लॅपटॉपला हळदकुंकू लावलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चारही गोडाऊन नव्यावर आली आणि खरंच छान चालली. मला डेटा सेंटरही दाखवलं. जाळीच्या दारामागे एक रॅक होता, त्यावर आमच्या कंपनीचं नाव चिकटवलेलं. मी बाहेरूनच नमस्कार केला. दार उघडा, सिरियल नंबर वाचू द्या, असं म्हणायचं मला सुचलं नाही.

त्यानंतर आठ दिवसांत तो जुनी मशीन न्यायला टेम्पो घेऊन आला. चाकणचा सुपरवायझर म्हणाला, "ताई, मार्चएंडपर्यंत राहू द्या की." मी त्याला गप्प केलं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वात जास्त डाचणारी गोष्ट हीच आहे. 45 हजारांसाठी मी माझ्या हातातली एकमेव चालू वस्तू, डिस्कसकट, त्याच्या टेम्पोत चढवून दिली. लायसन्सचा खोटेपणा नंतर कळला, तो सुधारता आला असता. जुनी मशीन असती तर त्या रात्री आम्ही दोन तासांत उभे राहिलो असतो. त्याला हे माझ्याहून चांगलं माहीत होतं, म्हणूनच ती ओळ कोटेशनमध्ये होती.

जानेवारीच्या शेवटापासून सकाळी दहा ते बारा सिस्टीम रांगायला लागली. जीआरएन, म्हणजे माल आल्याची नोंद, सेव्ह व्हायला मिनिट मिनिट. तो म्हणाला, तुमच्या लाइनचा दोष. म्हणून मी महिना 18 हजारांची लीज्ड लाइन, म्हणजे फक्त आमच्यासाठीची इंटरनेट लाइन, घेतली. फरक शून्य. फेब्रुवारीत आणखी 2 लाख 10 हजार मागितले: ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर कंपनी विकत घेतली, कायमची लायसन्स बंद झाली, आता वर्षाला पैसे भरावे लागतील. मी बातम्या शोधल्या. ब्रॉडकॉमचा व्यवहार नोव्हेंबर 2023 मध्ये पूर्ण झाला होता आणि डिसेंबरमध्ये कायमच्या लायसन्सची विक्री थांबलीही होती. बातमी खरी निघाली, म्हणून मागणीही खरी धरून मी पैसे पाठवले. आमच्या मशीनवर व्हीएमवेअर मुळात आहे का, हे मात्र तपासलं नाही.

त्याच महिन्यात चाकणच्या लेबल प्रिंटरमधून एका दुपारी भलतीच लेबलं बाहेर पडली. औषधांची, आमच्याशी संबंध नसलेल्या एका वितरकाची. सुपरवायझरने त्यातलं एक रजिस्टरमध्ये चिकटवून ठेवलं आणि मला फोटो पाठवला. मी तो त्या माणसाला पुढे पाठवला. "टेस्टिंग चालू होतं ताई," एवढंच उत्तर आलं आणि मला ते पुरलं.

आता पुन्हा त्या शुक्रवारी येते. विंडोज उघडायची, पण एसक्यूएल सुरूच होत नव्हती, आणि बरोबर तासाभराने अख्खा सर्व्हर आपोआप बंद व्हायचा. त्या माणसाने रात्री अकराला फोन घेतला. आवाज शांत. "ताई, रिन्यूअल ड्यू झालंय. 6 लाख 80 हजार टाका, सकाळी चालू करून देतो." मी विचारलं, कसलं रिन्यूअल? लायसन्सचे पैसे तर दिलेत. तो म्हणाला, सोमवारी बोलू.

शनिवारी भावाच्या मित्राच्या ओळखीने पुण्याहून एक जाणकार आले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सर्व्हर कोणत्या तारखेला सुरू केला?" मी म्हटलं, लक्ष्मीपूजनाला. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, कागदावर बेरीज केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. 12 नोव्हेंबर ते 10 मे, बरोबर 180 दिवस.

विंडोज सर्व्हर आणि एसक्यूएल सर्व्हर दोन्हींची फुकट चाचणी-आवृत्ती मिळते, इव्हॅल्युएशन म्हणतात तिला. मुदत 180 दिवस. मुदत संपली की विंडोज दर तासाला स्वतःला बंद करते आणि एसक्यूएलची सर्व्हिस उठत नाही. लाखो रुपये घेऊन त्याने आम्हाला ती फुकटची आवृत्ती टाकून दिली होती. डेस्कटॉपच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात 'इव्हॅल्युएशन' असं लिहिलेलं असतं, पण आम्हाला डेस्कटॉप कधी दिसलाच नाही. आमच्या लोकांना थेट गोडाऊनचा प्रोग्रामच उघडून मिळायचा. ॲडमिनचा पासवर्ड त्याच्याकडे.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. डेटा धडधाकट होता. डेटाबेसच्या फाइलींना काहीही झालेलं नव्हतं. खरी लायसन्स विकत घेऊन, आहे त्याच सर्व्हरवर त्यांची लायसन्स-की टाकली असती तरी काम सुरू झालं असतं, किंवा त्या फाइली दुसऱ्या चांगल्या मशीनला जोडता आल्या असत्या. काही तासांचं काम. पण दोन्हींसाठी पासवर्ड हवा होता. बॅकअप? तो त्याच मशीनच्या त्याच डिस्कवर घेतला जात होता.

डेटा सेंटरकडे विचारणा केली. आमच्या नावावर तिथे करारच नव्हता. रॅकची जागा त्याच्या फर्मच्या नावाने भाड्याने होती, म्हणजे आम्हाला दार उघडून द्यायचा प्रश्नच येत नव्हता. पुढे वकिलांच्या नोटिशीनंतर समजलं की तीन सर्व्हर नव्हतेच, एकच होता. त्याचा सिरियल नंबर बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर टाकला तर वॉरंटी 2019 मध्येच संपलेली. त्यावर व्हीएमवेअर नव्हे, फुकट मिळणारं दुसरं सॉफ्टवेअर होतं आणि त्याच्या पोटात आमच्याशिवाय आणखी पाच गिऱ्हाईकं. सकाळी दहाला सगळ्यांचं काम सुरू व्हायचं आणि सगळेच रांगायचे. लेबलांचं कोडंही सुटलं: आमचं आणि त्या वितरकाचं नेटवर्क एकाच नंबरांचं, प्रिंटरचा पत्ताही एकच, आणि त्याने दोघांना वेगळं ठेवलंच नव्हतं. एका मशीनवर अनेकांना ठेवणं हा गुन्हा नव्हे, क्लाउड असाच चालतो. पण तसं सांगावं लागतं, दर तसा लावावा लागतो आणि मधल्या भिंती पक्क्या बांधाव्या लागतात. त्याने आम्हाला बंगल्याचे पैसे घेऊन चाळीतली खोली दिली, तीही भिंतीशिवाय.

आम्ही त्याला 6 लाख 80 हजार दिले नाहीत. भाऊ म्हणत होता देऊन टाकू, गाड्यांचं डिटेन्शन, म्हणजे थांबल्याचं भाडं, चढतंय, पार्ट्या ओरडतायत. आप्पा म्हणाले, "आज दिलेस तर दर सहा महिन्यांनी देशील." जुन्या हेडक्लार्क काकांनी बिनकार्डं काढली, कुठे किती माल आहे ते पुठ्ठ्यावर हाताने लिहायची, जशी आप्पांच्या काळात असायची. माथाडींनी रविवारीही येऊन माल मोजायला मदत केली. मालवाहतुकीला लागणारी ई-वे बिलं सरकारी पोर्टलवर एकेक करून भरली. बुटीबोरी मात्र शनिवारी दुपारीच चालू झालं, कारण तिथला मॅनेजर दर शनिवारी स्टॉक एक्सेलमध्ये काढून स्वतःला मेल करायचा. आता याची गरज नाही, असं मी त्याला डिसेंबरात लिहून कळवलं होतं. त्याने ऐकलं नाही, याबद्दल मी त्याच्यापुढे हात जोडले.

नोटिशीनंतर, अकराव्या दिवशी, 21 मे ला एका हार्डडिस्कवर डेटा मिळाला. तोवर एक मोठी पार्टी गेली होती, ती परत आली नाही. पोलिसांत तक्रार द्यायला गेले तेव्हा आधी ऐकवलं, हा दिवाणी वाद आहे. वकिलांनी कोटेशन, लायसन्सच्या नावावर घेतलेलं बिल आणि इव्हॅल्युएशन दाखवणारे स्क्रीनशॉट असे तीन कागद एकत्र ठेवले, तेव्हा अर्ज घेतला गेला. आमचं प्रकरण जुन्या कलम 420 खाली आहे. 1 जुलै 2024 ला किंवा त्यानंतर असं घडलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 318 बघा. बिल फक्त 'सॉफ्टवेअर सर्व्हिसेस' असं मोघम असतं तर माझ्या हातात काहीच नसतं. लायसन्स शब्द, नग आणि आवृत्ती बिलावर लिहून घ्या. ते तुमच्या कंपनीच्या नावाने नोंदवलेलं आहे की नाही, हे स्वतःच्या खात्यात उघडून बघा. डेटा सेंटरचा करारही स्वतःच्या नावाने करा.

डेटा हातात आला त्याच दिवशी चाकणच्या सुपरवायझरला मी ते रजिस्टरमधलं लेबल आणायला सांगितलं. त्यावर औषध वितरकाचा फोन नंबर छापलेला होता. मी फोन केला. मालक माझ्याच वयाचे होते, आधी त्यांना वाटलं मी काही विकतेय. त्यांचं काम 20 जानेवारीला सुरू झालं होतं, त्याच माणसाकडून, तशाच कोटेशनवर. त्यांच्या एका मुलाकडे नशिबाने ॲडमिन पासवर्ड होता. आमच्या जाणकारांनी फोनवरूनच त्याला विंडोजचं लायसन्स कसलं आहे ते दाखवणारी कमांड लिहून घ्यायला लावली: एस-एल-एम-जी-आर, मग मोकळी जागा, तिरकी रेघ, डी-एल-व्ही. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग त्या मुलाने वाचून दाखवलं: इव्हॅल्युएशन, 58 दिवस बाकी.

मी त्यांना फक्त एकच विचारलं, जुनी मशीन दिलीत का? ते म्हणाले, "नाही हो ताई, टेम्पो उद्या यायचाय."