हलशी-देगाव सहल: माहितगार उत्तम, वेळ अपुरा

बेळगावच्या एका स्थानिक संयोजकाची ही एकदिवसीय सहल सोबत येऊन स्थळे समजावून सांगणाऱ्या माहितगारामुळे अवश्य घ्यावी. वेळापत्रक मात्र सहन करण्याची तयारी हवी. गाडी खानापूरमार्गे आधी हलशीला जाते. हे प्राचीन पलाशिका, प्रारंभीच्या कदंब राजघराण्याची दुसरी राजधानी. त्या घराण्यातील राजा मृगेशवर्म्याने येथे जिनालय (जैन मंदिर) बांधल्याची नोंद हलशीतच सापडलेल्या ताम्रपटांत आहे. आज दिसणारे भूवराह नरसिंह मंदिर मात्र त्यानंतर कित्येक शतकांनी, गोव्याच्या कदंबांच्या राजवटीत उभे राहिले.

माहितगाराने आम्हांला देवदर्शनाआधी शिखरापुढे थांबवले, हे मला विशेष आवडले. पायरीपायरीने आत सरकत वर जाणारे आडवे थर, त्यांवर जवळजवळ नक्षी नाही आणि माथ्यावर कळस: कदंब शिखराची ही ओळख एकदा डोळ्यांत बसली की पुढे प्रत्येक जुन्या देवळाकडे पाहण्याची नजर बदलते. आत दोन गाभारे समोरासमोर आहेत, त्यामुळे एका देवाला हात जोडताना दुसऱ्याकडे पाठ होतेच. गोव्याचा कदंब राजा शिवचित्त परमर्दी याच्या काळात ११६९ मध्ये नरसिंहाची आणि त्याच घराण्यातील विजयादित्याच्या काळात ११८६-८७ मध्ये वराहाची स्थापना झाली, हे सांगताना माहितगाराने घाई केली नाही.

संयोजकाच्या माहितीपत्रकात मात्र मंदिराला सरळ ‘हेमाडपंती’ म्हटले आहे. ज्याच्यावरून हे नाव पडले तो यादवांचा मंत्री हेमाद्री (हेमाडपंत) तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, म्हणजे या बांधकामानंतर सुमारे शंभर वर्षांनी. आपल्याकडे दगडी देऊळ दिसले की हा शिक्का मारण्याची सवय आहे, पण पैसे घेऊन दिलेल्या पत्रकात तो नको होता.

देगावचे कमलनारायण मंदिर परमर्दीची राणी कमलादेवी हिने बांधवले. तीन गाभाऱ्यांच्या या मंदिरात छताच्या दगडात कोरलेली कमळे पाहायला मान वर करून निवांत उभे राहावे लागते, आणि नेमका तेवढाच अवधी मिळत नाही, कारण संध्याकाळ होण्यापूर्वी कित्तूरचा किल्लाही उरकायचा असतो. जेवण साधे, पुरेसे. संयोजकाने कित्तूर वेगळ्या दिवसासाठी ठेवून तो वेळ देगावला द्यावा. आणि जाणाऱ्यांनी गाभाऱ्यांतील अंधारासाठी विजेरी सोबत न्यावी.