‘इंजिन जाम’ म्हणून आप्पांची गाडी भंगाराच्या भावात गेली

2023 च्या उन्हाळ्यात मी आमची जुनी टाटा 207 विकली. विकली म्हणण्यापेक्षा घालवली. 42,000 रुपयांना. तीन आठवड्यांनी माझ्या मावसभावाने तीच गाडी चंदगडच्या बाजारात कोबी उतरवताना बघितली. चौकशी केली तर 1,65,000 ला घेतलेली. ज्यांच्या गोठ्याशेजारी अशी एखादी पिकअप ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं उभी असेल, त्यांनी माझी गोष्ट वाचावी.

आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, रताळ्याच्या पट्ट्यात. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, 2003 साली ही गाडी घेतली आणि दहा-अकरा वर्षं तिच्यातून रताळी, कोबी, मिरची चोर्ला घाटाने म्हापशाला नेली. 2014 मध्ये गुडघे गेले तेव्हा गाडी शेडात लागली ती लागलीच. आप्पा 2019 ला गेले. मी उद्यमबागेत टर्नर, वीस वर्षं लेथवर. गाडी चालवायला वेळ नाही, विकायला मन होत नाही, अशी आणखी चार वर्षं गेली. शेवटी आईच म्हणाली, ‘‘उंदरांनी खाऊन टाकायच्या आधी काय ते कर बाबा.’’

ओळखीतून एक मेस्त्री बोलावला. माणूस गोड. शेडात आला, चप्पल बाहेर काढली, मळेकरणी देवीचा फोटो दिसला तर आधी नमस्कार केला. मग बॉनेट उघडून बराच वेळ काही न बोलता बघत राहिला. ऑईलच्या टोपणाच्या आतून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेला पांढरट फेस माझ्यापुढे धरला. ‘‘पाणी गेलंय बगा आत. हेड गास्केट तर गेलंच, ब्लॉक पण चिरला असंल.’’ त्यानंतर क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीवर बॉक्स पाना लावला, पान्याला चार फुटी पाईप चढवला आणि बाजूला झाला. ‘‘मी सांगतो म्हणून नको, मालक. तुमीच फिरवून बगा की.’’

मी लोंबकळलो. पुली केसभर हलली नाही. घामाने हात निसटायला लागले तेव्हा मी पाईप सोडला. ‘‘जाम हाय,’’ तो हळू आवाजात म्हणाला, घरात कोणी आजारी असावं तसा.

माझा विश्वास बसला तो तिथे. त्याच्या बोलण्यावर नाही, माझ्या स्वतःच्या दंडावर.

जाताना तो डिझेल पंप आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी नोझल काढून घेऊन गेला. ‘‘टेस्टिंगला टाकतो, निदान पंपाचे तरी पैसे येतील का बघू.’’ तेव्हा मला ते उपकार वाटले. खरं तर पंप उतरवून नेला त्या क्षणी गाडी त्याची झाली होती. आता दुसरा कोणी मेस्त्री आणला तरी तो ती चालू करून दाखवू शकणार नव्हता. दोन दिवसांनी फोन आला: पंप गेलेला, नोझल गेलेली, इंजिन उतरवून बोअर करायचं तर 1,40,000 खर्च, त्यातही गॅरंटी नाही.

चौथ्या दिवशी दारात एक भंगारवाला. मेस्त्रीशी त्याचा काही संबंध असेल असं तेव्हा मनात आलं नाही. कोणाकडून कळलं विचारलं तर म्हणाला, ‘‘गावात फिरत असतो, अण्णा.’’ तो कागदांकडे वळला. फिटनेसचं, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचं, प्रमाणपत्र मार्च 2014 ला संपलेलं. त्याने मोबाईल काढला आणि माझ्यासमोर गुणाकार केला: उशिराचे दिवसाला 50 रुपये, वर्षाचे 365 दिवस, नऊ वर्षं. 1,64,250. वर 15 वर्षांवरच्या हलक्या मालवाहू गाडीच्या फिटनेसची फी 7,500. वर टॅक्स, वर विमा. गाडी आप्पांच्या नावावर, म्हणजे आधी ती माझ्या नावावर करायची.

यातला दर त्याने मनाने लावलेला नव्हता, म्हणूनच मी गप्प बसलो. दिवसाला 50 रुपये आणि ते 7,500, दोन्ही 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमात तेव्हा होते. गाडीमालकाचं निधन झालं की 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर करायची, हेही नियमातच आहे आणि ते मी केलेलं नव्हतं. नऊ वर्षांचा एकूण आकडा मात्र मी आरटीओच्या खिडकीवर जाऊन विचारला नाही. त्याने मोबाईलवर दाखवला तोच धरून चाललो. बेळगावात राहून एक सकाळ मोडायची तयारी नव्हती माझी.

मग वजनाचा हिशोब. गाडी साधारण पावणेदोन टन, 28 रुपये किलो, त्यातून टायर, फळ्या, माती, गंज वजा. 42,000. रोख. दुसऱ्या दिवशी करारपत्र आलं, 100 रुपयांच्या ई-स्टँपवर, अख्खं कन्नडमध्ये. कन्नड मी बोलतो, कारखान्यात दिवसभर तेच. पण वाचताना अक्षरं जुळवत बसावं लागतं, आणि हमाल साखळी लावून उभे. सही केली. कोऱ्या फॉर्म 29 आणि 30 वर वारस म्हणून सही केली. आप्पांच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स दिली. आता म्हणाल, भंगारात चाललेल्या गाडीला मालकी बदलायचे फॉर्म कशाला? तेच. मला त्या दिवशी हा प्रश्न पडला नाही.

मावसभावाने गाडी ओळखली ती मागच्या फळक्यावरून. केबिन पांढरी रंगवली होती, पण फळक्याची आतली बाजू तशीच. तिथे पेंटरने ‘मळेकरनी प्रसन्न’ असं लिहून ठेवलेलं. आप्पा त्या ‘न’ वरून त्याच्याशी दोन दिवस भांडले होते आणि शेवटी ‘देवीला कळतंय’ म्हणून तसंच राहू दिलं होतं.

मी रविवारी चंदगडला गेलो. घेणारे साठीचे भाजीवाले, सरळ माणूस, माझ्याइतकेच हबकले. त्यांना सांगितलं होतं, मालक गोव्याला स्थायिक झाला म्हणून गाडी काढली. त्यांचा ड्रायव्हर म्हणाला, ‘‘इंजिनाला काय झालं नव्हतं हो. आमच्यासमोरच चालू केली. ब्रेकचे ड्रम धरले होते चारी, तेवढं सोडवलं म्हणाले.’’

ड्रम धरले होते हे ऐकलं तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तो पडला मंगळवारी, कारखान्यात. लेथवर जॉब लावताना चक, म्हणजे जॉब पकडणारा भाग, हाताने फिरवायला गेलो, फिरेना. लिव्हर लो गिअरला होता. न्यूट्रलला टाकला, चक एका बोटाने फिरला. मी तिथेच उभा राहिलो.

आमचं शेड उतारावर आहे. आप्पा गाडी लावताना मागच्या चाकाला दगड लावायचे आणि पहिला गिअर टाकून उतरायचे. रोज. नऊ वर्षं गाडी पहिल्या गिअरात उभी होती, ब्रेकचे ड्रम गंजून धरलेले होते, चाकाला दगड होता. अशा वेळी क्रँकच्या पुलीला पाना लावून लोंबकळलं तर आपण इंजिन फिरवत नसतो, अख्खी गाडी दगडावरून ढकलत असतो. भीमाला पण झालं नसतं. मेस्त्रीने केबिनमध्ये डोकावून लिव्हर बघितला होता, हे मला आता स्पष्ट आठवतं.

टोपणाखालच्या फेसाचंही तसंच. उभ्या गाडीत, त्यात आमच्याकडचा पाऊस, हवेतला ओलावा आत धरतो आणि टोपणाला असा फेस येतो. खरंच पाणी गेलंय का बघायचं तर खालचा ऑईलचा बोल्ट हळूच ढिला करायचा. पाणी जड, ते तळाला बसतं, पाणी असेल तर आधी पाणी येतं. दोन मिनिटांचं काम. मेस्त्री तो बोल्ट काढायला वाकलाच नाही.

हे नंतरचं शहाणपण आलं मामांच्या बोलेरो पिकअपवरून. ती खानापूरकडे पाच वर्षं उभी होती. या वेळी कोणाला न बोलावता मी आणि कारखान्यातला एक डिझेल जाणणारा दोस्त, आम्ही दोघांनीच हात घातला. पहिलं काम केबिनमध्ये चढून गिअर न्यूट्रल केला (हे लिहिताना अजून राग येतो). चावी लावायची घाई नाही. बॅटरी जोडायच्या आधी वायरिंग बघितली, उंदरांनी दोन जागी कुरतडलेली. जुनं ऑईल काढलं, नवीन भरलं. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑईल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं, म्हणजे गंजाने चिकटलेल्या रिंगा सुटतात. सकाळी पुली पान्याने हाताने फिरवली. पाव फेरा जड गेला, मग सुटली. पूर्ण दोन फेरे फिरवले, कारण चारही सिलिंडरचं सगळं चक्र दोन फेऱ्यांत होतं. टाकी उतरवली तर तळाला पाणी, गंज आणि काळा बुळबुळीत गाळ. पाणी साचलेल्या डिझेलमध्ये जंतू वाढतात, त्यांची ती घाण. ते डिझेल तसंच पंपात गेलं असतं तर चांगला पंप आम्हीच मारला असता. टाकी धुतली, फिल्टर बदलले. नोझल परत बसवायच्या आधी स्टार्टर मारून इंजिन नुसतं फिरवलं, ऑईलचा दिवा विझेपर्यंत. मग नोझल, मग डिझेलच्या नळ्यांतली हवा काढणं, मग सेल, म्हणजे स्टार्टर. चौथ्या सेलला धुराचा लोट आणि गाडी चालू. ब्रेकचे सिलिंडर आणि होज नवीन. टायर सोडून खर्च 21,000.

1,40,000 चा अंदाज ऐकलेल्या माणसाला तो आकडा कसा लागला असेल ते ओळखा.

आता किमतीचं. माझं 1,23,000 चं नुकसान झालं असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. उभ्या गाडीची किंमत काढायची तर त्याच सालाची, चालू, कागद पूर्ण असलेली गाडी बाजारात कितीला जाते ते तिघा-चौघांना विचारायचं आणि तिथून खाली यायचं. बॅटरी शून्य धरायची. टायर वरून कितीही चांगले दिसोत, बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचायचा: 2313 म्हणजे 2013 सालचा तेविसावा आठवडा. असा टायर शून्य. होज, ब्रेक, गास्केट यांचा खर्च वजा. शेवटी कागदांचा खर्च, तोही एजंटच्या तोंडून न ऐकता सरकारच्या परिवाहन साईटवर गाडीचा नंबर टाकून आणि आरटीओत विचारून. माझ्या गाडीला असं सगळं करून किती राहिले असते ते सांगता येत नाही, पण 1,65,000 नक्कीच नाही. आणि गाडी चालू होण्यासारखी होती, तेव्हा वजनावर तर मुळीच नाही.

शिवाय खरोखर भंगारातच द्यायची असेल तर त्याचीही रीत आहे. 2021 च्या नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळतं, नवीन गाडी घेताना टॅक्समध्ये सवलत मिळू शकते, आणि जुनी नोंदणी रद्द होते. दारावर येऊन रोख मोजणाऱ्याकडून यातलं काही मिळत नाही. नोंदणी जिवंतच राहते.

मला सगळ्यात जास्त घाम फोडला तो यानेच. गाडी अजून आप्पांच्या नावावर. फिटनेस नाही, विमा नाही, आणि ती रोज रस्त्यावर. ज्याच्या नावावर नोंदणी तोच मालक धरला जातो आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल आहे. नावावरचा माणूस हयात नसेल तर प्रकरण वारसांच्या दारात येतं, म्हणजे माझ्या आणि आईच्या, असं वकिलांनी सांगितलं. पोलिसांकडे गेलो. त्यांनी करारपत्र वाचलं आणि मलाच वाचून दाखवलं: गाडी ‘इद्द स्थितियल्लि’, आहे त्या स्थितीत, विकली. ‘गुजरी’ हा शब्द, म्हणजे भंगार, अख्ख्या कागदात कुठे नाही. भंगार हे फक्त आमच्या तोंडी बोलण्यात होतं. तो साधा व्यवहार झाला, दिवाणी कोर्टात जा, म्हणाले.

कोर्टात गेलो नाही. चंदगडच्या त्या काकांनी गाडी बाहेर काढणं बंद केलं, हे त्यांचे उपकार. आम्ही दोघांनी मिळून कागद सुरू केलेत: आधी फॉर्म 31 ने माझ्या नावावर, मग दुसऱ्या राज्यात, महाराष्ट्रात, न्यायची म्हणून फॉर्म 28 ची एनओसी, मग तिकडे त्यांच्या नावावर. खर्च निम्मा-निम्मा. म्हणजे त्या 42,000 मधले बरेचसे तिथेच जाणार.

मेस्त्री परवा गोवावेसजवळ चहाच्या गाड्यावर भेटला. ‘‘काय मालक, बरं हाय नव्हं? आई बऱ्या हाईत?’’ मी ‘हाईत’ म्हणालो. चहाचे पैसे त्यानेच दिले.