लिव्हरमधली गाठ: ऑपरेशन, सुई, टेस की गोळ्या?

सोनोग्राफीत लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ निघाली की घरचे विचारतात, "काढून टाकता येते का?" त्याआधी विचारा की उरलेलं लिव्हर कसं आहे. लिव्हरमध्येच सुरू झालेली ही गाठ बहुतेकदा आधीच सिरोसिस झालेल्या, म्हणजे कडक होऊन खराब झालेल्या लिव्हरमध्ये येते. कारण दारू, हिपॅटायटिस बी-सी, नाहीतर साखर-वजनातून आलेलं फॅटी लिव्हर. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ), पोटातलं पाणी आणि पेशंटची शुद्ध पाहून डॉक्टर लिव्हरची प्रत ठरवतात: चाइल्ड-पग ए (बरं), बी किंवा सी (सगळ्यात खराब). फाइलवर ते अक्षर नसेल तर लिहून मागा. पुढचं बरंच त्यावर ठरतं.

ए आणि गाठ एकच असेल तर ऑपरेशन. पण सिरोसिस मागे राहतो, म्हणून पाच वर्षांत निम्म्याहून जास्त जणांना गाठ पुन्हा येते. ट्रान्सप्लांटमध्ये दोन्ही जातात. त्यासाठी ठरलेला निकष असा: एकच गाठ 5 सेंमीपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन, प्रत्येक 3 सेंमीच्या आत, आणि रक्तवाहिनीत शिरलेली नको. मुलगा किंवा बायको लिव्हरचा भाग देऊ शकतात. देणाऱ्याचं लिव्हर काही महिन्यांत भरून येतं, पण तोवर त्याला जड काम बंद, म्हणजे वावरातून एकदम दोन माणसं कमी. खर्च लाखोंत आणि नवं लिव्हर टिकवायच्या गोळ्या जन्मभर. वावर विकायला काढण्याआधी पेशंट निकषात बसतो का आणि दाता चालतो का, एवढं पक्कं करा. लोक उलट क्रमाने जातात.

दोन-तीन सेंमीची गाठ सुईने जाळता येते (आरएफए किंवा मायक्रोवेव्ह). दोनच्या आत असेल तर निकाल ऑपरेशनच्या जवळपास, आणि पोट फाडावं लागत नाही. साठीतल्या माणसासाठी मी आधी हेच विचारेन. मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेल्या गाठीत मात्र वाहत्या रक्ताने उष्णता निघून जाते आणि गाठ पुरती जळत नाही.

गाठी जास्त किंवा मोठ्या असतील तर टेस (TACE). जांघेतल्या धमनीतून नळी नेऊन औषध सोडतात आणि गाठीचं रक्त तोडतात. नंतर काही दिवस ताप, दुखणं, ओकारी. याने रोग सहसा मुळापासून जात नाही, आवरतो, आणि पुन्हा करावं लागू शकतं.

रोग रक्तवाहिनीत किंवा लिव्हरबाहेर गेला असेल तर गोळ्या किंवा सलाईनमधून इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर लावणारं औषध). सोराफेनिब ही त्यातली गोळी. मूळ कंपनीच्या या गोळीचा महिन्याचा खर्च 2012 पर्यंत 2.8 लाख होता. त्या वर्षी सरकारने भारतीय कंपनीला तीच गोळी बनवायचा सक्तीचा परवाना दिला आणि तिच्या गोळीचा खर्च 8,880 च्या आत ठरला. सोराफेनिबचा त्रास हातापायांना: तळवे लाल होतात, सोलतात, विळा धरवत नाही, अनवाणी चालवत नाही. पहिल्या दिवसापासून मलम लावा, मऊ चप्पल घाला. सलाईनमधल्या अटेझोलिझुमॅब-बेव्हासिझुमॅब या जोडीचा निकाल सोराफेनिबपेक्षा चांगला, पण फार महाग, दर तीन आठवड्यांनी दवाखाना, आणि आधी एंडोस्कोपी, कारण अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू शकतात.

सी असेल आणि ट्रान्सप्लांट शक्य नसेल, तर यातलं काहीच बहुधा झेपत नाही. तेव्हा पोटातलं पाणी काढणं आणि दुखणं कमी करणं हाच उपचार, आणि तो घराजवळ घेतलेला बरा. काविळीचा झाडपाला कुठल्याच टप्प्यात नको, काही पाल्यांनी लिव्हर आणखी बिघडतं.

विदर्भातल्या बाकीच्या पेशंटनी आधी नागपूर गाठावं: मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज), एम्स, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. मुंबईला टाटात दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट नको, तीन टप्प्यांच्या सीटीची सीडीही न्या. कॅन्सर पेशंटला उपचाराच्या प्रवासात स्लीपरचं भाडं माफ आहे. त्यासाठी हॉस्पिटलचा फॉर्म लागतो.