सोडा: कोणतं पाकीट घ्यावं?

वाण्याकडे नुसतं ‘सोडा द्या’ म्हटलं, तर खायचा सोडा, धुण्याचा सोडा किंवा फ्रिजमधली बाटली यांपैकी काहीही हातात पडू शकतं. बाटलीचा घोळ लगेच कळतो. दोन पांढऱ्या पुड्यांमधला मात्र कळत नाही, म्हणून स्वयंपाकासाठी सुटा सोडा घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

१०० ग्रॅमचं सीलबंद पाकीट घ्यावं. त्यावर ‘सोडियम बायकार्बोनेट’ हवं. नुसतं ‘सोडियम कार्बोनेट’ असेल तर तो धुण्याचा. आयएनएस ५०० हा खाद्यपदार्थांतल्या घटकांना दिला जाणारा क्रमांक दोघांनाही लागतो, तेव्हा ‘बाय’ आहे ना, ते नीट वाचा. घरात बिनलेबलाची बरणी निघाली तर चिमूटभर पूड हळदीच्या पाण्यात टाकून पाहा. धुण्याच्या सोड्याने पाणी ताबडतोब गडद लाल होतं, खायच्याने फार तर नारिंगी. लिंबू पिळून ही पारख होत नाही, कारण फेस दोन्हींना येतो. आणि काहीही करा, चाखून बघू नका.

ढोकळ्याला वाटीभर बेसनामागे पाव चमचा खायचा सोडा आणि एक चमचा लिंबाचा रस पुरतो. सोडा चाळून, वाफवायच्या भांड्यातलं पाणी उकळल्यावरच पिठात घालावा. आधी घातला तर वायू निघून जातो आणि ढोकळा बसतो; गुठळी राहिली तर तिथे हळद लाल होऊन ठिपके पडतात. छोले भिजवताना सोडा घातला की साल मऊ पडते, पण ब-१ जीवनसत्त्व घटतं आणि हात सैल सुटला तर साबणासारखी चव येते. कुकर असताना त्याची गरज नाही.

इनोमध्ये सोड्याबरोबर सायट्रिक आम्ल असतंच, त्यामुळे वेगळा लिंबू चवीपुरता. बेकिंग पावडरमध्ये सोडा, आम्ल आणि स्टार्च असतं. चमचाभर पावडरच्या जागी चमचाभर सोडा घातला तर केक कडवट आणि काळपट होतो. पाव चमचा सोडा आणि आंबट दही घ्यावं.

पापडखार खायच्या सोड्यापेक्षा तीव्र, तो पापडापुरताच. धुण्याचा सोडा बोअरच्या जड पाण्यात फार कामाचा: कॅल्शियम खाली बसतं आणि साबणाला फेस येतो. रेशीम, लोकर आणि ॲल्युमिनियमची भांडी मात्र त्यापासून लांब ठेवा. कॉस्टिक सोडा, म्हणजे तुंबलेली मोरी मोकळी करायचा दाहक सोडा, स्वयंपाकघरात ठेवूच नये. तो वापरायची वेळ आलीच तर हातमोजे घालून, थंड पाण्यात थोडा थोडा सोडा सोडायचा. सोड्यावर पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं.

कोकणातले सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, त्यांचा या पुड्यांशी काही संबंध नाही. कडकडीत वाळलेले, दमट वास नसलेले घ्या. कोमट पाण्यात १५ मिनिटं भिजवून, मिठाचा अंदाज घेऊन मगच वांग्यात किंवा खिचडीत घाला.