चोवीस व्होल्टच्या ट्रेलरवर स्टिअरिंगच्या बटणांची दुरुस्ती : क्लॉक स्प्रिंग, मल्टिमीटर आणि अडॅप्टर यांचा काही महिन्यांचा अनुभव

आमचा बीएस-६ ट्रेलर बुटीबोरी आणि भिवंडी यांच्या दरम्यान मुख्यतः समृद्धी महामार्गावरून चालतो. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत गाडी एकसारखी ठेवायची असेल, तर क्रूझ कंट्रोल ही चैन उरत नाही. चालकाच्या पायाला आणि कमरेला खरी विश्रांती त्यातूनच मिळते. गेल्या पावसाळ्यात स्टिअरिंगवरची क्रूझची, मीटरच्या मेनूची आणि फोनची बटणे अधूनमधून बंद पडू लागली आणि पाठोपाठ हॉर्नही भरवशाचा राहिला नाही. घाटात हॉर्न न वाजणे हा सुरक्षिततेचा प्रश्न असल्यामुळे दुरुस्ती पुढे ढकलणे शक्य नव्हते.

ज्या सेवा केंद्रात गाडी दाखवली, तिथे बटणांचे दोन्ही संच, क्लॉक स्प्रिंग आणि त्याखालचा कॉम्बिनेशन स्विच (दिवे, इंडिकेटर यांच्या दांड्यांचा) एकदम बदलण्याचा सल्ला मिळाला. एकही मोजमाप न घेता दिलेला हा सल्ला मला मान्य नव्हता, म्हणून आमच्या नेहमीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनबरोबर बसून आम्ही दोष टप्प्याटप्प्याने शोधला.

सर्वांत मोलाची माहिती चालकाकडूनच मिळाली. गाडी सरळ असताना बटणे चालतात आणि डावीकडे जास्त वळवली की मरतात, हे त्याने आधीच हेरले होते. एकच बटण बंद असेल तर दोष बहुधा त्या बटणाच्या संचात असतो. हॉर्नसह सगळेच कायमचे बंद असेल तर आधी फ्यूज आणि अर्थिंग पाहावे लागते. पण स्टिअरिंगच्या कोनाबरोबर दोष येत-जात असेल तर पहिला संशय क्लॉक स्प्रिंगवर घ्यावा. स्टिअरिंगचे फिरणारे चाक आणि स्थिर कॉलम यांना जोडणारी ही चपटी पट्टी घड्याळातल्या कमानीसारखी गुंडाळलेली असते. प्रत्येक वळणाला ती आवळते आणि सैल होते, त्यामुळे तिच्या आतली एखादी तांब्याची वाहिनी कालांतराने तडकते. तडकलेली वाहिनी एका कोनात जुळलेली राहते आणि दुसऱ्या कोनात सुटते.

तरीही नुसत्या संशयावर सुटे भाग मागवू नयेत. आम्ही प्रथम जे१९३९ (अवजड गाड्यांतील कंट्रोल युनिटांची आपसांतली संदेशपद्धत) वाचू शकणारा अडॅप्टर गाडीच्या तपासणी सॉकेटला लावून क्रूझ कंट्रोलचा चालू डेटा पाहिला. इंजिनाचे कंट्रोल युनिट ६५२६५ क्रमांकाचा संदेश दर १०० मिलिसेकंदांनी पाठवत असते आणि त्यात ‘सेट’ बटणाची स्थिती एसपीएन (प्रत्येक माहितीचा ठरलेला क्रमांक) ५९९ म्हणून, ‘रिझ्यूम’ची ६०१ म्हणून, तर ब्रेक स्विचची ५९७ म्हणून दिसते. प्रत्येक स्थिती दोन बिटांत असते : ०० म्हणजे बंद, ०१ म्हणजे चालू, १० म्हणजे दोष आणि ११ म्हणजे माहिती उपलब्ध नाही. ‘सेट’ दाबल्यावर ०० चे ०१ झाले, तर बटण, क्लॉक स्प्रिंग आणि वायरिंग हा सगळा मार्ग ठीक आहे असे समजावे. मग क्रूझ लागत नसल्याचे कारण अन्यत्र, म्हणजे ब्रेक किंवा क्लच स्विचकडे शोधावे. ब्रेक स्विचमध्ये अनेकदा दोन संपर्क असतात, एक उघडताना दुसरा मिटतो, आणि त्यांचा मेळ बसला नाही तर कंट्रोल युनिट क्रूझ लागूच देत नाही. ही एक तपासणी केली तरी बटणांचे अनेक निर्दोष संच भंगारात जाण्यापासून वाचतील, असे माझे ठाम मत आहे. आमच्या गाडीत चाक सरळ असताना ०१ येत होते आणि डावीकडे वळवल्यावर येत नव्हते.

अडॅप्टर घेताना एक गोष्ट पाहावी. कारसाठी बनवलेले १२ व्होल्टचे अडॅप्टर ट्रकला लावू नयेत. १६ पिनांच्या सॉकेटमध्ये २४ व्होल्टच्या गाड्यांसाठी वेगळा प्रकार ठरलेला आहे आणि त्याची मधली खाच अशी असते की १२ व्होल्टचा प्लग त्यात बसत नाही. जबरदस्तीने किंवा कापून बसवल्यास अडॅप्टर जळू शकतो.

त्यानंतर मल्टिमीटरचे काम आले. आमच्या गाडीतली बटणे रोधकांच्या साखळीवर चालतात, म्हणजे प्रत्येक बटण दाबल्यावर एकाच तारेवर वेगळा रोध (रेझिस्टन्स) दिसतो आणि त्यावरून कोणते बटण दाबले हे युनिट ओळखते. ज्या नव्या गाड्यांत बटणांचा संच लिन (एकाच तारेची संदेशवाहिनी) तारेवरून डिजिटल संदेश पाठवतो, तिथे असा रोध मोजून काही हाती लागत नाही. बॅटरीचा कट-ऑफ (मुख्य स्विच) बंद करून, पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचलून आणि खाली स्टँड लावून आम्ही कॉलमखालचा तारांचा कपलर सोडवला. एकाने बटण दाबून धरले, दुसऱ्याने चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवले. आकडा स्थिर राहायला हवा होता. डावीकडे साधारण एका फेऱ्यानंतर तो उडत होता आणि पुढे सर्किट पूर्ण तुटत होते. कंट्रोल युनिटकडे जाणाऱ्या तारांवर टेस्ट लॅम्प मात्र कधीही वापरू नये, कारण दिवा ओढतो तो प्रवाह त्या सर्किटला सोसेलच असे नाही.

बीएस-६ गाडीत इग्निशन बंद केल्याबरोबर कट-ऑफ ओढू नये, हेही इथे सांगितले पाहिजे. इग्निशन बंद झाल्यावर एससीआर यंत्रणा (धुरातले प्रदूषण युरियाने कमी करणारी) नळ्यांतील युरियाचे द्रावण टाकीत परत ओढून घेते. तिला काही मिनिटे दिली नाहीत, तर द्रावण नळीत आणि इंजेक्टरमध्ये राहून त्याचे खडे होतात आणि बटणांच्या दुरुस्तीतून वेगळाच मोठा खर्च उभा राहतो. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल, तर बॅटरीची जोडणी काढून उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय चाकाला हात लावू नये.

क्लॉक स्प्रिंग कंपनीचीच घेतली. बाजारात मिळणारी एक स्वस्त स्प्रिंग हातात घेऊन फिरवून पाहिली, तेव्हा तिचे एकूण फेरे आमच्या स्टिअरिंगच्या फेऱ्यांपेक्षा कमी भरले. अवजड ट्रकचे चाक कारपेक्षा बरेच जास्त फिरते, त्यामुळे अशी पट्टी यार्डात पहिल्याच पूर्ण वळणाला तुटली असती. नवी स्प्रिंग पिनने मध्यावर अडकवलेली येते आणि स्प्रिंग बसवून झाल्यावरच ती पिन काढायची असते. पिन निघालीच असेल, तर स्प्रिंग हलक्या हाताने एका टोकापर्यंत नेऊन, तिथून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजून, निम्मे फेरे परत आणावे. गाडीची पुढची चाके सरळ ठेवून, शाफ्ट आणि स्टिअरिंगचे चाक यांवर रंगाची खूण करून, पुलरनेच (ओढून काढायच्या अवजारानेच) ते चाक काढावे; हातोडीने ठोकून काढू नये.

बटणांचा डावा संच आम्ही बदलला नाही, फक्त उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. रबरी बटणांच्या तळाशी कार्बनची टिकली असते. ती घाम, धूळ आणि चहा यांनी माखली किंवा झिजली की रोध वाढतो आणि आवाज वाढवायचे बटण दाबल्यावर दुसरेच काहीतरी घडते. पाण्याचा त्रास वेगळा. वॉशिंग सेंटरवर केबिन आतून पाइपने धुणे, दसऱ्याच्या पूजेत स्टिअरिंगवर थेट पाणी शिंपडणे, या दोन्ही गोष्टी आम्ही आता टाळतो. पूजेचे पाणी बंपरवर आणि चाकांवर शिंपडले जाते आणि हळद-कुंकू डॅशबोर्डवर लावले जाते.

आता काही महिन्यांनंतरची स्थिती. क्लॉक स्प्रिंग निर्दोष चालते आहे, चाक फिरवताना खरखर नाही, आणि हॉर्न कोणत्याही कोनात वाजतो. क्रूझ रोज वापरला जातो. अल्कोहोलने पुसलेल्या संचाबद्दल मात्र तेवढे समाधान नाही : ‘रिझ्यूम’ बटण पुन्हा जोर लावून दाबावे लागते आहे, म्हणजे त्याची टिकली झिजलेलीच होती आणि पुसण्याने थोडा वेळ मिळाला इतकेच. तो संच आता मागवला आहे. उजवा संच हात न लावताही चांगला आहे, म्हणजे सेवा केंद्राच्या यादीतले निदान दोन भाग, तो आणि कॉम्बिनेशन स्विच, अनावश्यक होते. अडॅप्टरचा उपयोग इतर दोषांसाठीही होत असल्याने त्याचे पैसे वसूल झाले आहेत. ज्यांना एकच वस्तू परवडेल त्यांनी मात्र आधी चांगला मल्टिमीटर घ्यावा आणि चाक फिरवत मोजायला दुसरा माणूस सोबत ठेवावा.