लघवीचे रिपोर्ट नॉर्मल आहेत पण त्रास जात नाही, अशा लोकांनी लॉजवरच्या डॉक्टरपासून सावध राहा

आमच्या तालुक्याच्या गावात दर बाजाराच्या दिवशी एक माणूस लॉजवर बसते. एसटी स्टँडच्या भिंतीवर त्याचं लिहिलेलं आहे, गुप्तरोग, धातुरोग, शर्तिया इलाज. त्यानं माझे बावीस हजार घेतले, सगळे नगदी, कापूस विकून आलेले. पुढच्या माणसाचे वाचावे म्हणून लिहून राह्यलो.

मले त्रास असा की लघवीच्या जागी जळजळ, अन गोटीच्या खाली, संडासच्या जागेच्या मधात बोथट दुखे, ट्रॅक्टरवर बसलो की जास्तच. लघवी करून आलो की लगेच पुन्हा लागल्यासारखं होये. घरच्यांनी म्हटलं उन्हाळी लागली असन, सब्जा झाला, धन्याचं पाणी झालं. मग दवाखान्यात गेलो, लघवी, कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते पाहणं), व्हीडीआरएल (गरमी रोगाची तपासणी), एचआयव्ही, सोनोग्राफी सगळं करून पाह्यलं, सगळं नॉर्मल. तरी अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, फरक शून्य. मंग जो तो म्हणे तुले काही नाही, मनात घेऊन राह्यला तू.

अन हेच त्या लॉजवाल्याचं भांडवल आहे. रिपोर्ट पाह्यल्याबरोबर तो म्हणाला, भाऊ, नसात लपलेले जंतू मशीनले दिसत नाही, मी दाखवतो. काचेच्या गिलासात माझी लघवी घेतली अन एका शिशीतले थेंब टाकले. लघवी एकदम गुलाबी झाली. म्हणे हे पाहा, धातू जाऊन राह्यली, दोन वर्षांत नामर्द होसाल. घरी बायको, लहान लेकरं, अन समोर तो गिलास, माणूस हादरणार नाही तर काय करन? नंतर बीएस्सी करणाऱ्या माझ्या भाच्यानं हाच खेळ घरी करून दाखवला, गिलासात आधीच चुन्याची निवळी अन वरून फिनॉल्फ्थॅलीनचे (चुन्याच्या पाण्यात गुलाबी होणाऱ्या रसायनाचे) थेंब, आपल्या बोअरचं पाणीसुद्धा तसंच गुलाबी झालं. त्या गिलासात आधीपासून काय होतं हे कोणी विचारतच नाही न बाप्पा.

औषध म्हणजे बिनलेबलच्या पुड्या, सोन्याचं भस्म म्हणून. सुरुवातीले लय बरं वाटलं, दुखणं कमी, भूक जोरात. मग चेहरा फुगला, बीपी वाढला, अन पुडी चुकली की अंगात त्राण राहे ना. दर वेळी नवी पुडी, नवा भाव. बिल मागतलं तर म्हणे आयुर्वेदात बिल नसते.

शेवटी नागपूरले सुपरस्पेशालिटीत मूत्ररोग विभागात दाखवलं. तिथल्या डॉक्टरनं पुड्या पाहून सांगतलं की यात स्टेरॉइड असण्याचा संशय आहे, एकदम सोडू नका, आम्ही हळूहळू बंद करू. कोणी अशा पुड्या लय दिवसांपासून घेत असन तर हे लक्षात ठेवा, मनानं तोडू नका. अन दुखण्याबद्दल त्यांनी जे सांगतलं ते आधी कोणीच सांगतलं नव्हतं: याले क्रॉनिक पेल्विक पेन सिंड्रोम, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचं जुनाट दुखणं म्हणतात, प्रोस्टेटायटिसच्या (प्रोस्टेट ग्रंथीच्या सुजेच्या) नावाखाली जे पेशंट येतात त्यातल्या बहुतेकांत जंतू नसतातच. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू मूठ आवळून धरावी तसे ताठ राहतात, तिथल्या नसा चिडतात, म्हणून जळजळ खरी अन रिपोर्टही खरा. बायांनाही असं होते, त्यांच्यात मूत्राशयाचाही त्रास असू शकते, पण लाजेनं त्या सांगत नाही.

मले लघवीचा मार्ग सैल करणारी गोळी दिली, अन फिजिओथेरपीत पोटातून श्वास घेऊन ते स्नायू सैल सोडणं शिकवलं. यूट्यूबवर सांगतात ते आवळायचे व्यायाम करू नको म्हणाले, ताठ स्नायू आणखी ताठ होतात. रोज टोपल्यात कोमट पाणी घेऊन बसतो, चहा अन तिखट कमी केलं. दोन दिवसांत जादू झाली नाही, महिने लागले, पण आता ट्रॅक्टर चालवून राह्यलो. मात्र लघवीत रक्त, थंडी वाजून ताप, किंवा लघवी अडकली तर हे सगळं सोडून त्याच दिवशी दवाखान्यात जा.

असल्या गुप्तरोगाच्या इलाजाच्या जाहिराती 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानं बंद आहेत, म्हणजे ती भिंतच पुरावा आहे, मी फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा ऑफिसात अन पोलिसांत अर्ज दिला, सोबत उरलेल्या पुड्या. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही नोंद केली. तो आता फोन उचलत नाही. तुमच्याकडे कोणी असा बसत असन तर पैसे फोनपेवरच देईन म्हणा, अन बिल मागा. तो कसा चिडते ते तुम्हीच पाहा.